पितळी तोटी

रोड नंबर सोळा, वागळे इस्टेट.
एप्रिलची दुपार, आणि गाडीखाली मी
पोत्यावर उताणी, बॅटरी दातांत धरून.
वर बाबांची सहासष्टची फियाट,
जिला मी आजवर फक्त वरून ओळखत होते.

पास्कल मिस्त्री म्हणाला, आधी पूस, मग वाच.
रॉकेल, तारेचा ब्रश, बनियनची चिंधी.
पन्नास वर्षांचं ऑइल आणि धूळ
सुटत गेली काळ्या खरवसासारखी.
खाली अ‍ॅल्युमिनियम. त्यावर ओतीव आकडे:
एक पाच, मग आठ किंवा तीन.
खडू घासला तेव्हा आठ.
तो आकडा पास्कलच्या चौरेघी वहीत आहे,
पुढे त्याच्या तिरप्या अक्षरात, अस्सल.

मग मागचा एक्सल.
एक चाक जमिनीवर, एक जॅकवर,
टायरला खडूची रेघ, शाफ्टला खडूची रेघ.
"दोन फेरे दे. सावकाश."
मी चाक फिरवते, तो शाफ्ट मोजतो
एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्याचा
चतकोर, जरा जास्त.
"दहा आणि त्रेचाळीस दाते," म्हणाला,
झाकण न उघडता,
कलिंगडावर टिचकी मारणाऱ्याच्या खात्रीनं.

फॉर्मवर दोन रकाने: मूळ. बदललेले.
मूळखाली टिक करत चालले होते,
बेलहाउसिंग, टेल, कप्लिंग, क्राउन-पिनियन,
आणि पास्कल गप्प झाला.

गिअरबॉक्सच्या शेपटीशी, जिथून
स्पीडोमीटरची वायर निघते,
तिथे पितळेची तोटी. दोन तोंडांची.
एकात वायर.
दुसऱ्यात लाकडाची खुंटी, वर सुतळी, वर एम-सील.
हे काय?
त्यानं विडी नसलेला हात ओठांपर्यंत नेला,
परत आणला.
"मीटर," म्हणाला. "टॅक्सीचा.
डाव्या मडगार्डला भोक भरलेलं असेल, बघ."

आहे.
आम्ही त्याला आरशाचं म्हणायचो.

बाबा सांगायचे, पाचपाखाडीच्या डॉक्टरची गाडी,
एकहाती, फक्त दवाखाना ते घर.
पाहुणा आला की सांगायचे. न विचारता सांगायचे.
डॉक्टरचं आडनाव दर वेळी वेगळं असायचं
हे मला आत्ता, पोत्यावर पडल्या पडल्या, आठवलं.

"काढून टाकू? एकतोंडी मिळते, चारशेला.
मग कुणाच्या बापाला कळणार नाही."

चरईत, घरी, आई चिंच फोडत होती.
"मला माहीत होतं," म्हणाली.
"आणली त्या रात्री टप पिवळाच होता.
अंधार पडल्यावर मला फिरवायला निघाले, तलावपाळीला.
जांभळी नाक्यावर एकानं हात केला,
आंब्याची पेटी घेऊन मागे बसलासुद्धा.
म्हणाला, कोपरी.
मी यांच्याकडे बघतेय, हे आपले समोर बघतायत.
सोडला कोपरीला."
पैसे घेतले?
"मीटर पाडायलाच विसरले. त्यानं दोन आंबे दिले."
चिंचोका ताटात टाकला.
"एक नासका निघाला."

सकाळी पास्कलला फोन केला.
तोटी राहू दे. खुंटी तेवढी नवी घाल, सागवानी.
फॉर्मवर त्या ओळीपुढचे
दोन्ही रकाने मी कोरे ठेवलेत.

"गळेल," तो म्हणाला. "थोडं गळेलच."